‘आय’, ‘मी’ की ‘मायसेल्फ’? कोटेशनचा मेल इथेच अडतो



कोटेशन तयार असतं, रेट ठरलेला असतो, पण मेल जात नाही. कारण शेवटची ओळ. ‘काही शंका असल्यास सचिनला किंवा मला फोन करा’ हे इंग्रजीत कसं लिहायचं? ‘प्लीज कॉल सचिन ऑर आय’? ‘सचिन ऑर मी’? की सेफ म्हणून ‘सचिन ऑर मायसेल्फ’? मग भाचा कॉलेजातून येईपर्यंत मेल ड्राफ्टमध्ये पडून. तोवर दुसऱ्याचा रेट परचेसवाल्याच्या टेबलावर पोचलेला असतो.

उपाय सोपा आहे. सचिनला वाक्यातून बाहेर काढा. एकट्यासाठी काय लिहिलं असतं? ‘प्लीज कॉल मी’. ‘कॉल आय’ कुणीच म्हणत नाही. मग सचिन परत आला तरी ‘सचिन ऑर मी’च राहणार. उलट ‘सचिन अँड आय विल व्हिजिट युअर प्लँट’ यातून सचिन काढला की ‘आय विल व्हिजिट’ उरतं, म्हणून तिथे ‘आय’.

गंमत अशी की ‘आय’ जास्त शिकलेलं वाटतं, म्हणून आपण ते कुठेही घालतो. ‘बिट्वीन यू अँड आय’ तर जन्मापासून इंग्रजी बोलणारेही म्हणून जातात. पाहिजे ‘बिट्वीन यू अँड मी’. टू, फॉर, विथ यांच्यानंतरही तसंच.

मराठीवरून अंदाज लावता येतो, पण जपून. ‘मला पाठवा’, ‘माझ्याशी बोला’ असेल तर इंग्रजीत ‘मी’. (आपला ‘मी’ म्हणजे त्यांचा ‘आय’, हा घोळ वेगळाच!) मात्र ‘मला वाटतं’चं ‘आय थिंक’ होतं आणि ‘मला ऑर्डर हवी आहे’चं ‘आय वाँट’. म्हणून भरवसा सचिनच्या युक्तीवरच ठेवा.

आता ‘मायसेल्फ’. ‘मायसेल्फ सचिन’ ही ओळख आपल्याकडे सर्रास चालते, पण ‘आय अ‍ॅम सचिन’ एवढं पुरतं. ‘आय चेक्ड द मटेरियल मायसेल्फ’, म्हणजे मी स्वतः माल तपासला, इथे तो शब्द शोभतो, कारण आधी ‘आय’ आहे. ‘कॉल मायसेल्फ’ नको.

‘हू’ आणि ‘हूम’चं टेन्शन घेऊ नका. रोजच्या मेलमध्ये ‘हू शुड वुई कॉन्टॅक्ट?’ चालतं.

चला, अडकलेला मेल उघडा. सचिनला काढा, वाक्य वाचा, सचिनला परत घाला आणि सेंड दाबा. फक्त त्याआधी कोटेशनची व्हॅलिडिटी संपली नाही ना, तेवढं बघा!