पुन्हा पाटी हाती घेताना

शिक्षणाचे वय कोणते, असा प्रश्न आपल्याकडे सहसा कोणी विचारीत नाही. कारण त्याचे उत्तर सर्वांनी आधीच ठरवून टाकलेले असते. पंचविशीच्या आत जे पदरात पडेल ते आपले. पुढे नोकरी, लग्न, मुलेबाळे. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी असा एखादा मध्येच थांबलेला विद्यार्थी असतो. कधी ती आई असते, कधी काका. त्यांना पुन्हा अभ्यासाकडे वळता यावे अशी जी व्यवस्था आज उपलब्ध आहे, तिची माहिती देण्याचा हा प्रयत्न आहे.

प्रौढांना शिकविण्याची कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८५५ मध्ये पुण्यात दिवसभर राबणाऱ्या स्त्री-पुरुषांसाठी रात्रशाळा काढली. विद्यार्थ्याला शाळेच्या वेळा पाळता येत नसतील तर शाळेने त्याच्या वेळा पाळाव्यात, हा विचार तेव्हाच त्या शाळेत होता. पुढे १९६२ मध्ये दिल्ली विद्यापीठाने टपालाने धडे पाठविण्यास आरंभ केला आणि १९७१ मध्ये मुंबई विद्यापीठाने तोच मार्ग धरला. इंग्लंडमध्ये १९६९ साली मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. त्याची व्याख्याने लोक दूरचित्रवाणीवर पाहत. आपल्या देशातील पहिले मुक्त विद्यापीठ १९८२ साली हैदराबादेत सुरू झाले. १९८५ साली दिल्लीत इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आणि १ जुलै १९८९ रोजी नाशिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ अस्तित्वात आले. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्याचे ब्रीद. डॉ. राम ताकवले हे पहिले कुलगुरू. दहावी-बारावी न झालेल्या प्रौढांनाही पदवीपर्यंत येता यावे म्हणून या विद्यापीठाने पूर्वतयारी शिक्षणक्रम काढला, ही गोष्ट मला त्याच्या इमारतींपेक्षा मोठी वाटते. (प्रवेशाचे नियम मात्र बदलत असतात, ज्या वर्षी प्रवेश घ्यावयाचा, त्याच वर्षीची माहितीपुस्तिका वाचावी.)

आता ‘दूरस्थ’ आणि ‘ऑनलाइन’ हे दोन शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो, तसे ते नाहीत. दूरस्थ शिक्षणात छापील पुस्तके घरी येतात, जवळच्या अभ्यासकेंद्रावर अधूनमधून संपर्कसत्रे होतात आणि परीक्षा केंद्रावर जाऊन द्यावी लागते. ऑनलाइन पदवीत शिकविणे, स्वाध्याय, शंकासमाधान हे सारे इंटरनेटवरून चालते, आणि परीक्षाही संगणकावर, देखरेखीखाली होऊ शकते. तिचे चार भाग मानले आहेत : व्याख्यानाच्या चित्रफिती, वाचनाचे साहित्य, स्वतःची परीक्षा घेणारे प्रश्न आणि चर्चा. राज्याचे मुक्त विद्यापीठ दूरस्थ शिक्षण आपल्या राज्यापुरतेच देऊ शकते. ऑनलाइन पदवीला अशी सीमा नाही. करंजाड्यात बसून दक्षिणेकडील एखाद्या विद्यापीठाची पदवी घेता येते ती यामुळेच.

“पण अशा पदवीला किंमत असते का?” हा प्रश्न हमखास येतो, आणि तो विचारणाऱ्याच्या ओठांवर बहुधा थोडे हसू असते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या नियमांनुसार मान्यताप्राप्त विद्यापीठाची दूरस्थ वा ऑनलाइन पदवी ही नेहमीच्या पदवीशी समकक्ष आहे, आणि सप्टेंबर २०२२ मध्ये आयोगाने हे पुन्हा जाहीर केले. येथे ‘मान्यताप्राप्त’ हा शब्द महत्त्वाचा. विद्यापीठाला मान्यता असली तरी तेवढ्याने भागत नाही. तो विशिष्ट अभ्यासक्रम त्या वर्षासाठी आयोगाच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या यादीत असावा लागतो. अभियांत्रिकी, वैद्यक, परिचर्या, कायदा यांच्या पदव्या या मार्गाने मिळत नाहीत. कोणी देऊ करील तर सावध व्हावे. कोणत्याही खासगी क्लासला हा व्यवसाय दलालीने चालविण्याची परवानगी नाही, हेही लक्षात असावे. फी भरण्यापूर्वी ही यादी पाहण्याचे काम घरातील तरुण मुलाने करावे. त्याला ते दहा मिनिटांचे आहे.

एवढे सगळे असूनही ही माणसे मध्येच का गळतात? माझी मावशी करंजाड्यात राहते. गाव सिडकोच्या वसाहतीत सामावत गेले, विमानतळासाठी उठलेल्या गावांतील कुटुंबे या परिसरात येऊन वसली, आणि ८ ऑक्टोबर २०२५ रोजी विमानतळाचे उद्घाटनही झाले. त्यानंतर शेजारीपाजारी नोकरीच्या अर्जांच्या गोष्टी निघू लागल्या, आणि अर्जातला शिक्षणाचा रकाना मावशीला सलू लागला. बारावीनंतर पंचवीस वर्षांनी तिने कला शाखेसाठी मुक्त विद्यापीठात नाव घातले. अंतराचा प्रश्न तिला कधी आलाच नाही. पुस्तके घरी होती, चित्रफिती हातातल्या मोबाइलवर. प्रश्न आला तो वेळेचा. तोही एकूण वेळेचा नव्हे, सलग वेळेचा. भांडी आवरून रात्री दहाला ती बसते. खोलीत माणसे झोपलेली, म्हणून आवाज लहान करून ऐकते. वीस मिनिटांत कोणीतरी पाणी मागते. तरुण विद्यार्थ्याला घर ‘अभ्यास कर’ म्हणून सांगते. तिला तसे कोणी म्हणत नाही, आणि ती पुस्तक मिटून उठली तर कोणाच्या ध्यानातही येत नाही.

दुसरी अडचण अगदीच साधी, म्हणून कोणत्याही माहितीपुस्तिकेत नाही. हाताने तीन तास लिहायची सवय मोडलेली असते. वाणसामानाच्या यादीपलीकडे वर्षानुवर्षे काही लिहिलेले नसते. पहिल्या सराव-उत्तराला मावशीचे मनगट दुखू लागले आणि अर्धेच उत्तर झाले. त्यावर उपाय तिने स्वतःच शोधला : रोज एक पान, विषय कोणताही. महिन्याभरात हात सुटला.

तिसरी अडचण सोबतीची. चित्रफितीतले प्राध्यापक विद्वान असतात, पण विद्यार्थ्याच्या चेहऱ्यावरचे ‘कळले नाही’ त्यांना दिसत नाही. आपण वर्गात शेजाऱ्याच्या वहीत डोकावतो, कँटीनमध्ये एखादी कविता समजून घेतो. ते शिक्षण कुठल्याच अभ्यासक्रमात छापलेले नसते. संपर्कसत्राला भेटलेल्या दोघीतिघींनी मिळून आता आठवड्यातून एकदा एकीच्या घरी बसायचे ठरविले आहे. मावशीचा अभ्यास त्या दिवसापासून पुढे सरकू लागला, असे ती स्वतः म्हणते.

म्हणून आपल्या महाविद्यालयाकडे एक मागणे आहे. रविवारी दुपारी आपली वाचनखोली बंद असते. चार बाके, पंखा, मराठी साहित्याचे एक कपाट आणि जमेल त्या प्राध्यापकांचा एक तास इतके या विद्यार्थ्यांना देता आले, तर येत्या सत्रपरीक्षेपूर्वीच त्याचा उपयोग होईल. किल्ली सांभाळण्याची जबाबदारी आमच्या तृतीय वर्षाच्या वर्गातील चौघांनी घेण्याची तयारी दाखविली आहे.