पीजी लागली नाही, तर?

सप्टेंबर २०२३ मध्ये नीट-पीजीच्या पात्रतेची रेषा सर्व प्रवर्गांसाठी शून्य पर्सेंटाइलवर आणली गेली. त्या वर्षी परीक्षेला बसलेला प्रत्येक जण पदव्युत्तर प्रवेशाला कागदोपत्री पात्र ठरला. तरीही हजारो तरुण डॉक्टर पीजीविना राहिलेच. एमबीबीएस होऊन घरी बसलेल्या मुलाकडे किंवा मुलीकडे 'अभ्यासात कमी पडली' अशा नजरेने पाहणाऱ्या प्रत्येकाने ही गोष्ट आधी लक्षात घ्यावी.

'पीजी मिळाली नाही म्हणजे पोरगं कच्चं'

३ ऑगस्ट २०२५ च्या नीट-पीजीसाठी देशभरातल्या ३०१ शहरांत केंद्रं होती आणि सुमारे २ लाख ४२ हजार उमेदवार होते. सरकारी, खासगी आणि राष्ट्रीय परीक्षा मंडळाच्या डीएनबी अशा सगळ्या जागा धरल्या तरी आकडा सत्तर-ऐंशी हजारांच्या आसपास घुटमळतो. म्हणजे तिघांतल्या दोघांना त्या वर्षी जागा नाही, हे पेपर हातात पडण्याआधीच ठरलेलं असतं.

त्यातही 'जागा मिळाली नाही' याचा खरा अर्थ बहुतेक वेळा असा असतो की हवी ती ब्रांच, परवडेल त्या शुल्कात मिळाली नाही. २०२१ च्या प्रवेशप्रक्रियेत सगळ्या फेऱ्या आटोपल्यावर १,४५६ जागा रिकाम्या राहिल्या. त्या भरण्यासाठी आणखी एक फेरी घ्यावी म्हणून डॉक्टर सर्वोच्च न्यायालयात गेले. जून २०२२ मध्ये न्यायालयाने नकार दिला. रिकाम्या जागांत मोठा वाटा शरीररचना, शरीरक्रिया, जीवरसायन अशा नॉन-क्लिनिकल विषयांचा होता. एकीकडे मेडिसिन, रेडिओलॉजी, त्वचारोग यांसाठी झुंबड, दुसरीकडे या खुर्च्या रिकाम्या. खासगी महाविद्यालयात वर्षाला कित्येक लाख मोजण्याची ऐपत नसल्याने बरा रँक असूनही मागे राहिलेले वेगळेच. ही अडचण व्यवस्थेच्या आखणीतून आलेली आहे. मुलाच्या बुद्धीवर तिचं खापर फोडणं अन्यायाचं आहे.

'आणखी एक ड्रॉप घेऊ, बिघडतं काय?'

या प्रश्नावर मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे, कारण सर्वाधिक नुकसान इथेच होताना दिसतं.

नीट-पीजीला वयाची वरची मर्यादा नाही, किती वेळा बसावं यालाही बंधन नाही. त्यामुळे थांबल्याने काही बिघडत नाही असं वाटतं. पण इतर दारांना मर्यादा आहेत. यूपीएससीच्या कम्बाइन्ड मेडिकल सर्व्हिसेस परीक्षेतल्या बहुतेक पदांसाठी वय ३२ च्या आत लागतं. सैन्यदलांच्या वैद्यकीय सेवेत शॉर्ट सर्व्हिस कमिशनसाठी नुसत्या एमबीबीएसला साधारण तिशीची अट असते. विशेष म्हणजे, अलीकडच्या जाहिरातींत मुलाखतीला बोलावताना नीट-पीजीचेच गुण विचारात घेतले गेले. म्हणजे 'वाया गेला' म्हणून फेकून दिलेला स्कोअर तिथे उपयोगी पडू शकतो. तीन-चार वर्षं फक्त एका परीक्षेकडे बघत बसलेला डॉक्टर मान वर करतो तेव्हा ही दारं लागत आलेली असतात.

दुसरं नुकसान हाताचं. इंटर्नशिपमध्ये रात्री-बेरात्री आयव्ही लाइन लावणारा, टाके घालणारा, ईसीजी वाचून सिनियरला उठवणारा हात दोन वर्षं खोलीत ॲपवरचे एमसीक्यू सोडवत बसला की अडखळू लागतो. पेशंटसमोर उभं राहायचा धीरही कमी होतो. आणि आजचे प्रश्न बरेचसे पेशंट समोर ठेवूनच विचारले जातात, तेव्हा वॉर्ड सुटला की अभ्यासही कोरडा होतो.

पहिल्या ड्रॉपला माझा विरोध नाही. इंटर्नशिपच्या धबडग्यात अभ्यास झालेला नसतो, एक सलग वर्ष मिळालं तर रँक खरोखर सुधारतो. दुसऱ्या वर्षापासून मात्र हातात काम असावं. खासगी रुग्णालयात निवासी वैद्यकीय अधिकाऱ्याची, म्हणजे आरएमओची, ठरावीक ड्युटी, सरकारी रुग्णालयात मिळाली तर नॉन-ॲकॅडेमिक ज्युनिअर रेसिडेंटची जागा, किंवा वैद्यकीय महाविद्यालयात ट्यूटर. ट्यूटरला एमबीबीएस चालतं आणि वेळ तुलनेने नियमित असते. आरएमओची जागा घेताना ड्युटीचे तास, पगार आणि रात्री जबाबदार कन्सल्टंट कोण, हे नेमणूकपत्रात लिहून घ्यावं. आयसीयूत एकट्या नवख्या डॉक्टरला उभं करून वरचा माणूस फोनवरच राहणार असेल, तर ती नोकरी नाकारणंच शहाणपणाचं.

याच्या उलटं टोक म्हणजे 'आता मिळेल ती सीट घे, आवडली नाही तर पुढच्या वर्षी सोड' हा सल्ला. डीएनबीला रुजू होऊन मध्येच सोडणाऱ्याला त्या अभ्यासक्रमाचा मूळ कालावधी संपेपर्यंत पुन्हा डीएनबीला प्रवेश मिळत नाही. अनेक राज्यांत जागा सोडताना बाँडची रक्कम भरावी लागते. सीट घ्यायची तर तीन वर्षं तिच्यात राहायच्या तयारीने घ्यावी.

'सरकारी नोकरी धरली की पीजी विसरा'

वस्तुस्थिती जवळजवळ उलटी आहे. ३१ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सेवेतल्या डॉक्टरांसाठी पदव्युत्तर जागा राखून ठेवण्याचा राज्यांचा अधिकार मान्य केला. त्यानंतर २०२२ मध्ये महाराष्ट्राने राज्य कोट्यातल्या २० टक्के जागा सेवेतल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांसाठी ठेवल्या. ग्रामीण वा दुर्गम भागात ठरलेली सेवा झाली की पगारी डॉक्टर म्हणून या वाटेने पीजीला जाता येतं, आणि स्पर्धा असते ती सेवेतल्यांशीच. सेवेच्या अटी बदलत असतात. त्या वर्षीचा शासननिर्णय आणि सीईटी कक्षाची माहितीपुस्तिका स्वतः वाचावी, ऐकीव माहितीवर विसंबू नये.

कम्बाइन्ड मेडिकल सर्व्हिसेस ही परीक्षा मराठी मुलांकडून दुर्लक्षित राहते, याची मला खंत आहे. अभ्यासक्रम एमबीबीएसचाच आहे. पहिल्या पेपरला मेडिसिन आणि बालरोग, दुसऱ्याला सर्जरी, स्त्रीरोग-प्रसूती आणि समाजवैद्यक (पीएसएम). दोन पेपर प्रत्येकी २५० गुणांचे, वर १०० गुणांची मुलाखत. शेवटच्या वर्षाचे विद्यार्थीही बसू शकतात. २०२५ मध्ये ७०५ जागा होत्या. निवड झाली की रेल्वे, केंद्रीय आरोग्य सेवा किंवा दिल्लीच्या महापालिका. मूळ वेतन ५६,१०० पासून, त्यावर २० टक्के नॉन-प्रॅक्टिसिंग भत्ता आणि इतर भत्ते. नीटच्या तयारीसोबत ही परीक्षा दिली तर वेगळा फार अभ्यास लागत नाही.

प्राथमिक आरोग्य केंद्राकडे बाँडची सक्ती म्हणून पाहणारे खूप आहेत. तिथल्या अडचणी मी झाकणार नाही. औषधं कमी, पदं रिकामी, क्वार्टर गळकं, आणि पेशंट दगावला तर जमाव डॉक्टरवर धावतो. तरीही मैदानी भागात ३० हजार आणि आदिवासी-डोंगरी भागात २० हजार लोकांमागे एक केंद्र हे निकष आहेत. एवढ्या लोकांची बाळंतपणं, सर्पदंश, विषबाधा, शवविच्छेदनं एकाच वैद्यकीय अधिकाऱ्यासमोर येतात. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७० च्या दशकात महाडजवळच्या बिरवाडीच्या केंद्रात रुजू झाले ते एमबीबीएस म्हणूनच. विंचू चावलेली मुलं डोळ्यांदेखत जाताना पाहून त्यांनी नोंदी ठेवायला सुरुवात केली. पुढे एमडी करून ते पुन्हा महाडलाच आले. प्राझोसिन या रक्तदाबाच्या औषधाचा विंचूदंशावरचा उपयोग त्यांनी दाखवून दिला आणि तो 'लॅन्सेट'मधून जगापुढे गेला. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. प्रत्येकाने बावस्कर व्हावं असं मला म्हणायचं नाही. त्यांच्या संशोधनाचा प्रश्न त्यांना पीजीच्या आधी आणि गावात सापडला, एवढंच दाखवायचं आहे.

राष्ट्रीय आरोग्य अभियानात एमबीबीएस डॉक्टरांना काही महिन्यांचं प्रशिक्षण देऊन तातडीच्या प्रसूतीसाठी भूल देणं आणि सिझेरियन करणं शिकवण्याचीही सोय आहे. सेवेतल्या अनेकांना ती माहीतही नसते.

'एखादी फेलोशिप केली की स्पेशालिस्ट'

इथे फसवणूक होते, म्हणून जरा सावध राहायला हवं. मधुमेह, कॉस्मेटॉलॉजी, क्रिटिकल केअर, सोनोग्राफी अशा नावांची प्रमाणपत्रं विकणारे पुष्कळ आहेत. कुठल्याही अभ्यासक्रमाला एकच प्रश्न विचारायचा: ही अर्हता महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेत अतिरिक्त पात्रता म्हणून नोंदवली जाते का? उत्तर परिषदेकडूनच घ्यावं, संस्थेच्या माहितीपत्रकातून नव्हे.

डीएनबी नोंदवली जाते आणि ती एमडी-एमएसच्या बरोबरीची आहे. तरी काही घरांत अजून तिला खालची समजतात, ते चूक आहे. राष्ट्रीय परीक्षा मंडळाने २०२० मध्ये दोन वर्षांचे पदविका अभ्यासक्रम सुरू केले. भूल, बालरोग, स्त्रीरोग, नेत्र, कान-नाक-घसा, रेडिओलॉजी, क्षयरोग आणि कुटुंबवैद्यक हे त्यांचे सुरुवातीचे विषय. प्रवेश नीट-पीजीवरच होतो, पण अर्ज भरताना अनेक जण या यादीपर्यंत पोहोचतच नाहीत. मुंबईच्या कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्सचे, म्हणजे सीपीएसचे, अभ्यासक्रम १९१२ पासूनच्या परंपरेतले आहेत. पण त्यांच्या मान्यतेवरून बराच काळ वाद चाललेला आहे. आपल्या विषयाची आजची स्थिती काय, हे पैसे भरण्याआधी पाहावं.

नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या फेलोशिप किंवा वेल्लोरच्या सीएमसीचा कुटुंबवैद्यकाचा दूरशिक्षण अभ्यासक्रम यांनी हातात कौशल्य येतं, आणि जनरल प्रॅक्टिस करणाऱ्याला ते मोलाचं आहे. स्पेशालिस्टची पाटी मात्र त्यांच्या जोरावर लावता येत नाही. सोनोग्राफीत तर गर्भलिंगनिदानाविरुद्धचा कायदा मध्ये येतो. २०१४ च्या नियमांप्रमाणे एमबीबीएसला मान्यताप्राप्त केंद्रात सहा महिन्यांचं प्रशिक्षण घ्यावं लागतं. वीकएंडच्या कोर्सवर मशीन चालवलं तर गुन्हा दाखल होऊ शकतो.

कमी लोकांना ठाऊक असलेली एक चांगली वाट म्हणजे औद्योगिक आरोग्य. मुंबईत शीव येथील केंद्रीय श्रम संस्थेत एएफआयएच हा तीन महिन्यांचा अभ्यासक्रम एमबीबीएस डॉक्टरांना करता येतो. धोकादायक रसायनांचे कारखाने असलेल्या तारापूर, रोहा, पाताळगंगा अशा पट्ट्यांत कारखान्यांना असे डॉक्टर लागतात. काम नियमित वेळेचं असतं.

'इथे नाही तर परदेशात सहज होतं'

अमेरिकेत यूएसएमएलईची स्टेप १ जानेवारी २०२२ पासून फक्त पास-नापास आहे. त्यामुळे स्टेप २ चे गुण, तिथला प्रत्यक्ष रुग्णालयातला अनुभव आणि शिफारसपत्रं यांना वजन आलं. २०२५ च्या मॅचमध्ये, म्हणजे रेसिडेन्सीच्या जागावाटपात, अमेरिकी नागरिक नसलेल्या परदेशी पदवीधरांपैकी साधारण ५८ टक्क्यांना जागा मिळाली. दहांतल्या चौघांचे पैसे आणि वर्षं तिथेही अडकली, हे घर गहाण टाकण्याआधी आईवडिलांनी ऐकावं. मधला काळ रिकामा असेल तर त्याबद्दल मुलाखतीत विचारतातही.

ब्रिटनमध्ये प्लॅब ही परीक्षा पास होणं म्हणजे नोंदणीचा मार्ग मोकळा होणं. नोकरी मिळणं ही वेगळी लढाई आहे आणि ती अलीकडे फार कठीण झाली आहे. जर्मनीत मागणी आहे, प्रशिक्षणकाळात पगारही मिळतो. पण आधी भाषेची बी-२ पातळी, मग डॉक्टरांसाठीची वैद्यकीय जर्मनची परीक्षा आणि बहुधा ज्ञानपरीक्षा, यात दीड-दोन वर्षं जाऊ शकतात. परत यायचं मनात असेल तर आणखी एक गोष्ट बघावी. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या पाच देशांतल्या पदव्युत्तर अर्हतांना भारतात मान्यता देण्याची तरतूद २००८ पासून आहे. जर्मनी त्या पाचांत नाही.

'दवाखाना सोडला म्हणजे शिक्षण वाया'

औषध कंपन्यांत औषधांच्या दुष्परिणामांच्या नोंदी तपासायला, क्लिनिकल ट्रायलवर देखरेख ठेवायला, विमा कंपन्यांत दावे पाहायला एमबीबीएस लागतात. मुंबई-पुण्यात ही कामं भरपूर आहेत. ज्यांना एका पेशंटपेक्षा हजारांच्या आजाराचं कोडं खुणावतं त्यांच्यासाठी मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत (टिस) सार्वजनिक आरोग्याची आणि रुग्णालय व्यवस्थापनाची पदव्युत्तर पदवी आहे. गडचिरोलीतल्या 'सर्च'सारख्या संस्थांत तरुण डॉक्टर संशोधन आणि सेवा दोन्ही शिकतात. हे आवडीने निवडलं तर पूर्ण करिअर आहे. नाइलाज म्हणून निवडलं तर वर्षभरात कंटाळा येतो. नागरी सेवेचा विचार करणाऱ्यांनी एवढंच लक्षात ठेवावं की तिथली स्पर्धा नीट-पीजीपेक्षा कितीतरी तीव्र आहे. तिला पर्याय म्हणून धरू नये.

यातली कोणतीही वाट धरली तरी वैद्यकीय परिषदेची नोंदणी जिवंत ठेवावी. महाराष्ट्रात दर पाच वर्षांनी नूतनीकरण असतं आणि त्यासाठी ३० क्रेडिट पॉइंट लागतात. परिषदा आणि कार्यशाळांना थोडं थोडं जात राहिलं की ते सहज जमतात. ऑफिसात रमलेले डॉक्टर हे विसरतात, आणि चार-पाच वर्षांनी पुन्हा पेशंटकडे वळावंसं वाटलं की त्यांची पहिली धावपळ या पॉइंटसाठीच होते.