धानामागचे दुसरे पीक

टंचाईच्या वर्षी नवे नृत्यनाट्यपथक उभारू पाहणाऱ्यास व्यवहारी माणसे वेड्यात काढतात, आणि नगरवासी कलेपुरता त्यांचा निवाडा अगदीच खोटा नसतो. उदयशंकरांसारख्या जगविख्यात नर्तकाचे अलमोड्याचे कलाकेंद्रसुद्धा दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बंद पडले, कारण त्याचा आधार दूरस्थ दात्यांच्या औदार्यावर होता.

चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाहीच्या मुलखात हिशेब निराळा आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांच्या झाडीपट्टीत खळ्यावरचे धान घरात आले, भाऊबीज सरली, की नाटकांचा हंगाम उघडतो आणि होळीच्या सुमारास मिटतो. या रंगभूमीचे मूळ दंडारीत, म्हणजे नृत्य, गायन व सोंग यांच्या एकजीव मिलाफात असल्यामुळे, रात्रभर चालणाऱ्या आजच्या नाटकातही नृत्याला मानाचे पान असते. नागर समीक्षकाला ते अप्रस्तुत वाटते, पण त्याने पहाटेपर्यंत बसून पाहिलेले असतेच असे नाही.

येथे नवी नाटकमंडळी काढणारा प्रथम थिएटर शोधीत नाही. गोंदिया–चांदा फोर्ट लोहमार्गावरील वडसा हे या व्यवसायाचे पेठेचे गाव. तेथे एखादी खोली भाड्याने घ्यायची, फलक लावायचा, संहिता व नटसंच जुळवायचा आणि गावोगावच्या मंडळांची वाट पाहायची. गावकरी येतात, नाटक कोणते आणि नायिका कोण याची कसून चौकशी करतात, तारीख ठरते, करार होतो, इसार हाती पडतो. तिकीटविक्रीचा नफातोटा बहुधा गावच्या मंडळाच्या शिरी असतो. मंडळीच्या शिरी कलावंतांचा रात्रीचा मोबदला, पडदे, ध्वनी, प्रकाश आणि मालमोटारीचे भाडे. सारांश, दात्याची जागा येथे शेकडो कुळांनी घेतली आहे. नाटकाच्या रात्री गावात लेकी-जावयांपासून सोयऱ्यांपर्यंत पाहुण्यांची रीघ लागते आणि लग्नाच्या बोलण्यांनाही तोंड फुटते, म्हणून हात आखडला तरी नाटकाचा खर्च गाव सहसा टाळीत नाही.

तथापि हा आधार अभेद्य नव्हे. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींवर, म्हणजे येथल्या शंकरपटावर, बंदी आणली तेव्हा त्यानिमित्त जमणारा नाटकाचा प्रेक्षक गेला. २०१६ च्या नोव्हेंबरात, हंगाम नुकताच उघडला असता, नोटा रद्द झाल्या आणि रोखीवर चालणारा हा व्यवहार गोत्यात आला. २०२० च्या महामारीने तर मंडपच बंद केले. इतके होऊनही सिंदेवाही तालुक्यातील नवरगावचे सदानंद बोरकर यांच्यासारख्या नाटककाराने शेतकऱ्यांच्या आत्महत्येचा विषय त्याच शेतकऱ्यांपुढे मांडला, हे धारिष्ट अनुदानित रंगभूमीवर मला क्वचितच आढळते.

२०२३ साली झाडीपट्टीचे कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री देऊन सरकारने या रंगभूमीची दखल घेतली, ते योग्यच झाले. परंतु मानपत्र तारण ठेवून मालमोटार मिळत नाही. धानाच्या पेरणीसाठी सहकारी बँका पीककर्ज देतात आणि ते हंगामाअखेर वसूल करतात. त्याच धानावर व त्याच गावांवर विसंबणाऱ्या नव्या मंडळीला, इसाराचे करारपत्र दस्तऐवज मानून, दिवाळीपूर्वी हंगामी कर्ज द्यावे आणि होळीनंतर त्याची फेड घ्यावी, एवढी तजवीज चंद्रपूर-गडचिरोलीच्या बँकांनी करावी.