प्रवाळांच्या अंगणात : बोनेर बेटाच्या सागरदर्शनाची पूर्वतयारी

समुद्राचे सौंदर्य बहुतेक माणसे काठावर उभे राहून पाहतात. पाण्याखालच्या सृष्टीत डोकावण्यासाठी पाठीवर हवेची टाकी बांधून खोल बुडी मारावी लागते, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः डोळ्यांवर काचेचा मुखवटा, तोंडात श्वासाची नळी आणि पायांत रबरी फिन्स एवढ्या साहित्यावर, पाण्याच्या पृष्ठभागावर पालथे तरंगत, खालचे सारे जग न्याहाळता येते. या प्रकारास स्नॉर्केलिंग म्हणतात. तो शिकण्यास सोपा आहे, आणि म्हणूनच त्याकडे निष्काळजीपणाने पाहिले जाते. दूरदेशीच्या समुद्रात जाण्याचा बेत आखणाऱ्याने प्रवासखर्चाच्या हिशेबाइतकाच वाऱ्याचा, पाण्याचा आणि स्वतःच्या शक्तीचाही हिशेब आधी मांडला पाहिजे. कॅरिबियन समुद्रातील बोनेर हे बेट त्यासाठी उत्तम उदाहरण आहे.

व्हेनेझुएलाच्या उत्तरेस सुमारे ८० किलोमीटरांवर हे बेट आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे २८८ चौरस किलोमीटर. मुख्य गाव क्रालेन्डाइक. बेटाची राजकीय सत्ता नेदरलँड्सची असून १० ऑक्टोबर २०१० पासून ते त्या देशाची एक विशेष नगरपालिका आहे. कारभाराची भाषा डच, लोकांच्या ओठी पापियामेंतू, आणि २०११ पासून बाजारात नाणे मात्र अमेरिकन डॉलरचे, अशी तेथील मिश्र व्यवस्था आहे.

स्नॉर्केलिंग करणाऱ्याला दोन गोष्टी हव्या असतात : पाणी नितळ हवे आणि ते शांत हवे. बोनेरला या दोन्ही गोष्टी भूगोलाने दिल्या आहेत. कोकणच्या किनाऱ्यावर पावसाळ्यात नद्या आणि खाड्या लाल माती समुद्रात आणून ओततात, आणि पाणी गढूळ होते. बोनेरवर नदी अशी नाहीच. वर्षाकाठी पाऊस पडतो तो जेमतेम ५०० मिलिमीटरांच्या आसपास. निवडुंग आणि काटेरी झुडपे हीच तेथील वनश्री. पिण्याचे पाणीसुद्धा समुद्राच्या पाण्यातून क्षार काढून तयार करावे लागते. जमिनीचे हे दारिद्र्य समुद्राच्या पथ्यावर पडले आहे. गाळ वाहून येत नसल्यामुळे सूर्यप्रकाश पाण्यात खोलवर पोचतो, आणि प्रकाशावर जगणारे प्रवाळ काठापाशीच वाढतात.

दुसरी देणगी वाऱ्याची. व्यापारी वारे येथे जवळजवळ वर्षभर पूर्वेकडून वाहतात. त्यामुळे पूर्व किनाऱ्यावर लाटा सतत आपटत असतात आणि तेथे पाण्यात उतरणे धोक्याचे आहे. पश्चिम किनारा मात्र बेटाच्याच आडोशाला असल्याने शांत राहतो. बेत आखताना नकाशावर पहिली रेघ ओढावी ती हीच : पोहण्यासाठी पश्चिम किनारा, पूर्व किनारा दुरून पाहण्यासाठी. पूर्वेकडील लाक नावाचे उथळ उपसागर याला काहीसा अपवाद आहे. बाहेरच्या प्रवाळभिंतीवर लाटा फुटतात आणि आत तिवरांच्या छायेत लहान मासे वाढतात. तेथेही स्थानिक वाटाड्याबरोबर जाणेच योग्य.

ऋतूंचा विचार त्यानंतर येतो. कॅरिबियन समुद्रात जून ते नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा काळ. बोनेर सुमारे १२ अंश उत्तर अक्षांशावर, म्हणजे वादळांच्या नेहमीच्या वाटेच्या दक्षिणेस असल्यामुळे त्याला सहसा प्रत्यक्ष तडाखा बसत नाही. परंतु ‘सहसा’ हा शब्द विसरता कामा नये. नोव्हेंबर १९९९ मध्ये ‘लेनी’ हे वादळ नेहमीची दिशा सोडून पश्चिमेकडून पूर्वेकडे गेले. ते बेटापासून पुष्कळ दूर होते, तरी त्याच्या लाटा एरवी शांत असणाऱ्या पश्चिम किनाऱ्यावर आदळल्या आणि उथळ पाण्यातील प्रवाळांची मोठी हानी झाली. ऑक्टोबर ते जानेवारी या काळात पावसाच्या सरी येतात. डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत प्रवाशांची गर्दी असते. सप्टेंबर-ऑक्टोबरात वारा मंदावतो आणि उकाडा वाढतो. पाणी मात्र बाराही महिने कोमट असते; त्याचे तापमान साधारणपणे २६ ते २९ अंश सेल्सियसच्या दरम्यान राहते.

भारतातून तेथे थेट विमान नाही. अ‍ॅम्स्टरडॅममार्गे जाणे हा सरळ मार्ग. तेथून बोनेरपर्यंत सुमारे दहा तासांचे उड्डाण आहे. अमेरिकेच्या शहरांतूनही विमाने जातात, पण भारतीय पारपत्रधारकाला तेथे केवळ विमान बदलण्यासाठीसुद्धा अमेरिकेचा व्हिसा लागतो. बोनेर नेदरलँड्सचे असले तरी शेंगेन क्षेत्रात मोडत नाही. कॅरिबियन भागासाठी वेगळा व्हिसा आहे आणि त्यातील सवलतींचे नियमही वेगळे आहेत. तिकीट काढण्यापूर्वी डच वकिलातीकडून हे नियम लेखी समजून घ्यावेत. बेटाचे घड्याळ भारताच्या साडेनऊ तास मागे असते. इतक्या लांबच्या प्रवासानंतर शरीर आंबलेले असते. पोचल्याच्या दिवशी पाण्यात उतरण्याची घाई करू नये.

आता साहित्याकडे वळावे. माणसाच्या डोळ्याची रचना हवेत पाहण्यासाठी झालेली आहे. पाण्यात उघडा डोळा धूसर पाहतो, कारण बुबुळावरील पारदर्शक पडदा आणि पाणी यांतून प्रकाश जवळजवळ सारखाच वळतो. मुखवट्यामुळे डोळ्यापुढे हवेचा एक कप्पा राहतो आणि दृष्टी स्वच्छ होते. मात्र मासा असतो त्याहून सुमारे एक तृतीयांश मोठा दिसतो, आणि अंतर खऱ्याच्या तीन चतुर्थांश भासते. ‘हाताशी आहे’ असे वाटणारा काटेरी खडक हाताशी नसतो, आणि परत फिरण्याचा किनाराही पाण्यातून नीट मापता येत नाही. म्हणून मधूनमधून डोके वर काढून काठावरची एखादी खूण पाहत जावी.

मुखवटा विकत घेताना एक साधी परीक्षा करावी. पट्टा न बांधता तो चेहऱ्यावर टेकवावा आणि नाकाने हलकेच श्वास आत ओढावा. हात सोडल्यावरही तो चिकटून राहिला तर चेहऱ्याला बसला असे समजावे. भरघोस मिशी असलेल्या गृहस्थांच्या मुखवट्यात पाणी शिरते, हे मिशीच्या अभिमान्यांनी आधीच ध्यानात घ्यावे. काचेवर धुके धरू नये म्हणून आतून थोडी लाळ चोळून ती विसळण्याचा जुना उपाय आजही उपयोगी पडतो. चष्मा वापरणाऱ्यांसाठी नंबराच्या काचा बसवलेले मुखवटे मिळतात.

श्वासाची नळी हातभरापेक्षा लांब का नसते, असा प्रश्न पुष्कळांना पडतो. दोन हात लांब नळी घेतली तर दोन हात खोल जाता येईल, हा तर्क वरवर बरोबर वाटतो. पण तो प्राणघातक आहे. एक मीटर खोलीवर पाण्याचा दाब वातावरणाच्या दाबाच्या एक दशांशाने वाढतो. नळीतून येणारी हवा मात्र वरच्याच दाबाची असते. छातीच्या स्नायूंना त्या दाबाविरुद्ध फासळ्या उचलणे फार वेळ जमत नाही. शिवाय लांब नळीत उच्छ्वासाचीच हवा साठून पुन्हा आत ओढली जाते. म्हणून नळी आखूडच हवी आणि श्वास सावकाश व खोल असावा. बुडी मारण्यापूर्वी भराभर जोराने श्वास घेण्याची सवय तर सर्वथा टाळावी. त्यामुळे रक्तातील कर्बवायू कमी होतो, श्वासाची निकड जाणवत नाही, आणि पोहणारा काही सूचना न मिळता पाण्याखालीच बेशुद्ध होतो.

हे सर्व शिकण्याची जागा सातासमुद्रापलीकडची नव्हे. प्रथम पोहण्याच्या तलावात मुखवटा लावून श्वास घेणे, नळीत शिरलेले पाणी फुंकरीने बाहेर काढणे आणि न घाबरता उताणे तरंगणे या तीन गोष्टी पक्क्या कराव्यात. त्यानंतर पावसाळा सरल्यावर मालवणच्या किनाऱ्यावर, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात, जाणकाराबरोबर खऱ्या समुद्राचा अनुभव घ्यावा. हृदयाचा, रक्तदाबाचा किंवा दम्याचा विकार असलेल्यांनी डॉक्टरांचा सल्ला घेतल्यावाचून बेत पुढे नेऊ नये. पोहता येणाऱ्यानेही तरंगण्याचे जाकीट अंगात घालण्यात कमीपणा मानू नये.

बोनेरच्या पश्चिम रस्त्याने जाताना कडेला पिवळ्या रंगाचे दगड दिसतात. त्यांवर पाण्यात उतरण्याच्या जागांची नावे लिहिलेली असतात. सार्वजनिक वाहने तुटपुंजी असल्यामुळे बहुतेक प्रवासी मोटार भाड्याने घेतात. पाण्यात जाताना मोटारीत पैसा, पारपत्र काही ठेवू नये. किनारा वाळूचा कमी आणि झिजलेल्या प्रवाळांच्या खड्यांचा अधिक, म्हणून जाड तळाचे बूट हवेत. उत्तरेकडील ‘थाउजंड स्टेप्स’ या जागेचे नाव हजार पायऱ्यांचे, प्रत्यक्षात पायऱ्या सत्तरही नाहीत. परतीच्या वाटेवर दमलेल्या पायांना मात्र नावच खरे वाटते. दक्षिणेस मिठाच्या धक्क्याखाली खांबाखांबाला माशांचे थवे असतात. जहाज धक्क्याला लागलेले असताना तेथे उतरण्यास मनाई असते. समोरच्या निर्जन क्लाइन बोनेर बेटावर होडीने जावे लागते. तेथे पिण्याचे पाणी मिळत नाही; ते बरोबर न्यावे.

पाण्यात शिरण्यापूर्वी पाच मिनिटे काठावर थांबून प्रवाह कोणीकडे वाहतो ते पाहावे. आरंभी प्रवाहाच्या विरुद्ध जावे आणि शक्ती निम्मी उरली असतानाच वळावे, म्हणजे परतीच्या वेळी प्रवाहच साहाय्य करतो. एकट्याने कधीही उतरू नये. पाठीवर ऊन झेलत तास कसा गेला ते कळत नाही आणि रात्री पाठ भाजल्यासारखी आग करते. म्हणून लांब बाह्यांचा पोहण्याचा सदरा घालावा. त्यामुळे अंगाला फासण्याच्या मलमाची गरज कमी होते आणि त्यातील रसायने पाण्यात उतरत नाहीत.

प्रवाळ म्हणजे दगड नव्हे. ती असंख्य सूक्ष्म प्राण्यांची वसाहत आहे. त्यांच्या पेशींत एकपेशीय शैवाल राहते, प्रकाशावर अन्न तयार करते आणि यजमानाला पोसते. घट्ट गोलाकार जातींचे प्रवाळ वर्षाला साधारण एक सेंटिमीटर वाढतात. म्हणजे दमलेला प्रवासी क्षणभर ज्यावर पाय टेकतो, तो उंचवटा त्याच्या आजोबांपेक्षा वयाने मोठा असू शकतो. बोनेरच्या लोकांनी हे वेळीच ओळखले. भाल्याने मासे मारण्यावर तेथे १९७१ मध्ये बंदी आली. १९७९ मध्ये सागरी राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले. भरतीच्या रेषेपासून ६० मीटर खोलीपर्यंतचे बेटाभोवतालचे सारे पाणी त्याच्या कक्षेत येते. प्रवाळांवर नांगर टाकता येत नाही; होड्या ठराविक तरंगत्या खुणांनाच बांधाव्या लागतात. हातमोजे घालण्यासही मनाई आहे, कारण हातमोजे असले की हात लावण्याचा धीर होतो. प्रवाशांकडून निसर्गशुल्क घेतले जाते आणि उद्यानाची राखण त्यातून चालते.

तरीही धोके कुंपण मानीत नाहीत. १९८३-८४ मध्ये एका साथीने कॅरिबियनमधील लांब काट्यांचे काळे अर्चिन जवळजवळ नष्ट केले. हे प्राणी प्रवाळांवरील शेवाळ खाऊन ते स्वच्छ ठेवीत असत. हिंदी आणि प्रशांत महासागरांतील विषारी काट्यांचा सिंहमासा २००९ मध्ये येथे प्रथम आढळला. २०२३ मध्ये प्रवाळांच्या उती झडून जाण्याचा रोग बेटाच्या पाण्यात पोचला, आणि त्याच वर्षी समुद्र अतिशय तापल्याने अनेक प्रवाळ पांढरे पडले. म्हणून एका जागेहून दुसऱ्या जागी जाताना साहित्य निर्जंतुक करून धुणे हा उपचार नसून कर्तव्य आहे.

दक्षिण टोकाला मिठागरांच्या कडेला दगडी खोपटी उभी आहेत. माणसाला ताठ उभेही राहता येऊ नये इतकी ती बुटकी आहेत. १८५० च्या सुमारास मीठ काढणाऱ्या गुलामांसाठी ती बांधली गेली. डच वसाहतींतील गुलामगिरी १८६३ मध्ये संपली. ज्या समुद्राने आज प्रवासी सुखावतो, त्याच्याच मिठात माणसांची आयुष्ये झिजली, हे तेथे काही क्षण थांबल्यावर कळते. सहलीच्या बेतात या थांब्यालाही अर्धा तास राखून ठेवावा.

अशा सहलीचा खर्च मोठा असतो आणि पुष्कळांना तो आयुष्यात एकदाच परवडतो. त्यामुळेच ठरलेल्या दिवशी वारा फिरला, अंग कणकणले किंवा मन साशंक झाले, तरी ‘आता आलोच आहोत’ या विचाराने पाण्यात उतरण्याचा मोह होतो. मुक्कामाचे दोन दिवस आरंभीच रिकामे ठेवले, तर त्या मोहाला उत्तर तयार असते. आज नाही तर उद्या उतरता येते. प्रवाळांनी शतकभर वाट पाहिलेली असते. प्रवाशाने एक दिवस थांबावयास हरकत नसावी.