घरचा वस्तरा आणि त्याची धार

मालेगावात, म्हणजे नाशिकच्या नव्हे, आपल्या वाशिम जिल्ह्यातल्या मालेगावात, आज वस्तरा म्हटले की अर्धे ब्लेड अडकवायचे हत्यारच डोळ्यांपुढे येते. सलूनमध्ये दर गिऱ्हाइकाला नवे ब्लेड लागते, हे चांगलेच आहे. पण जुन्या पेट्यांत अजून आजोबांचा घडीचा वस्तरा सापडतो आणि नातवंडे तो भंगारवाल्याला देऊन टाकतात. वाचकहो, देण्याआधी एवढे वाचून घ्या.

आपल्या घरांत हे हत्यार का आले, हे मुलांना ठाऊक नसते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत साताऱ्याचे बालपण सांगितले आहे. गावात न्हावी होते, त्यांना द्यायला पैसेही होते, पण अस्पृश्याच्या डोक्याला हात लावायला कोणी तयार नव्हता. म्हणून घरातल्यांचे केस थोरली बहीण काढायची, आणि करता करता ती त्यात चांगली तरबेज झाली होती. लष्करात सुभेदार राहिलेल्या रामजींच्या घरी ही गत, तर गावकुसाबाहेरच्या मजुराची काय असेल! न्हाव्याचा धंदा करणाऱ्या श्रमिक बांधवांवर आमचा रोष नाही. त्यांनाही गावाचा धाक होताच.

आणि बुद्धाच्या संघात तर हे काम हलके मानलेच नाही. शाक्यांचा न्हावी उपाली राजपुत्रांच्या आधी प्रव्रजित झाला, त्यामुळे त्या राजपुत्रांना त्याला वंदन करावे लागले. पुढे राजगृहाच्या पहिल्या संगीतीत विनय सांगण्याचा मान त्यालाच मिळाला. भिक्खूच्या आठ परिष्कारांत वस्तरा आहे. विनयात वस्तऱ्याबरोबर धारेच्या दगडालाही परवानगी आहे, त्याला पालीत ‘खुरसिला’ म्हणतात. खुर म्हणजे वस्तरा. आपल्या आयाबाया शेतात निंदताना जे खुरपे धरतात, तो शब्दही त्याच कुळातला.

आता धारेचे. विळा-कोयत्याला लावायचा हार्डवेअरच्या दुकानातला कार्बोरंडमचा दगड वस्तऱ्याला चालत नाही, त्याचा दाणा फार जाड असतो. दाणा आकड्यात मोजतात. आकडा मोठा, तितका दाणा बारीक. मोडलेली धार नव्याने बसवायला १००० चा, मग ४००० ते ५००० चा आणि शेवटी ८००० किंवा त्याहून बारीक दगड लागतो. दगड सपाट हवा. खोलगट झाला असेल तर काचेवर पाण्याचा पॉलिश पेपर ठेवून त्यावर घासून घ्यावा.

दगडावर पाणी टाकून वस्तरा आडवा ठेवावा. त्याची जाड पाठ आणि धार, दोन्ही दगडाला टेकलेली असावीत. सगळे मर्म इथेच आहे. सुरीला कोन हाताने सांभाळावा लागतो, वस्तऱ्याला तो पाठीच्या जाडीनेच मिळतो, साधारण १६-१७ अंशांचा. पाठ उचलली की काम बिघडले. धार पुढे ठेवून वस्तरा सरकवावा, तो नेहमी पाठीवरून उलटावा आणि दुसरी बाजू परत आणावी. जोर द्यायचा नाही, शेवटी तर वस्तऱ्याचे वजनच पुरे. मनगटावरचे केस कातडीला न टेकता तुटू लागले की धार आली. अंगठा फिरवून पाहण्याची खोड मुलांना लावू नका.

चामड्याच्या पट्ट्यावर मात्र सगळे उलटे. तिथे पाठ पुढे आणि धार मागे, नाहीतर पट्टाच कापला जातो. पट्टा ताणून धरावा, ढिला पडला की धार गोल होते. दर दाढीआधी चाळीस-पन्नास फेऱ्या माराव्यात. दाढी करताना वाकलेली बारीक कड त्याने सरळ होते, म्हणून दगड रोज लागत नाही. पट्ट्यानेही धार येईनाशी झाली की मगच दगड काढावा, त्याला कधी काही महिने लागतात.

जुन्या वस्तऱ्यावर वरवरचा तांबूस गंज असेल तर तो बारीक पॉलिश पेपरने निघतो. पण धारेच्या कडेलाच काळे खड्डे पडले असतील, तर तो वस्तरा आठवण म्हणून ठेवावा, गालाला लावू नये.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. एक वस्तरा, एकच माणूस. बाप-लेकांनीही तो वाटून घेऊ नये. कावीळ ‘ब’चे विषाणू शरीराबाहेर, वाळलेल्या रक्तातही, किमान सात दिवस जिवंत राहू शकतात आणि डोळ्यांना न दिसणारी जखमही त्यांना पुरते. कावीळ ‘क’ आणि एचआयव्ही यांचाही धोका आहेच. श्रामणेर शिबिरात पोरांची रांग लावून मुंडण होते, तिथे एकाच पात्याने दोन डोकी करू नयेत. दर मुलाला नवे ब्लेड द्यावे. वर्गणी गोळा करताना चहाच्या खर्चाआधी ब्लेडचा खर्च धरा, असे आम्ही संयोजकांना स्पष्ट सांगतो, मग कोणाला राग आला तरी चालेल.

घरचा वस्तरा मात्र वापरून झाला की धुवावा, फडक्याने पाठीकडून धारेकडे पुसावा आणि थोडा वेळ उघडाच ठेवावा. ओला असताना मुठीत मिटला की आतून गंज धरतो. पावसाळ्यात खोबरेल तेलाचा पातळ हात फिरवून तो कोरड्या कापडात गुंडाळावा आणि न्हाणीत नव्हे, लेकरांचा हात पोचणार नाही अशा उंच फळीवर ठेवावा.