परांचीवरून पडल्यास मदत कोणाला मिळते?

गोंदिया जिल्ह्यात धानाची रोवणी, कापणी आटोपली की अनेक शेतमजूर घरकुल, नाली, सेंट्रिंगच्या कामावर जातात. बांबूची परांची, कठडा नाही, डोक्यावर घमेले; पाय घसरला की थेट मणक्यावर येते. अशा वेळी महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाची नोंदणी कामी येते, पण ती अपघाताच्या दिवशी चालू असावी लागते.

नोंदणीसाठी वय 18 ते 60 आणि मागील वर्षभरात किमान 90 दिवस बांधकामाचे काम हवे. धानाच्या बांधीतले दिवस त्यात मोजत नाहीत. दाखला ठेकेदार किंवा ग्रामसेवक देतो. ठेकेदार अनेकदा टाळाटाळ करतो, त्यात नूतनीकरण दरवर्षीचे. गळती होते ती इथेच.

नोंदणीकृत कामगाराचा कामावर मृत्यू झाल्यास वारसाला 5 लाख, तर 75 टक्के वा अधिक कायमचे अपंगत्व आल्यास कामगाराला 2 लाख रुपये मिळतात. नुसता पाय मोडला तर हे 2 लाख नाहीत.

ठेकेदाराकडून नुकसानभरपाई मागण्याचा हक्क मात्र वेगळा आहे. मंडळाची नोंदणी नसली तरी तो जात नाही. त्यासाठी दवाखान्याचे कागद, पोलिसांतील नोंद आणि हजेरीचा पुरावा जपून ठेवावा.