नंदू भेंडे : ज्यूडासपासून मॅकहीथपर्यंत

उज्जैनमधल्या मराठी घरांत गाणं म्हटलं की आधी नाट्यसंगीत, मग भावगीत आणि देवास शेजारीच असल्यामुळे कुमार गंधर्व. नंदू भेंडे हे नाव सहसा निघत नाही. आवाज मात्र जवळपास सगळ्यांनी ऐकलेला आहे. 1982 च्या 'डिस्को डान्सर'मध्ये कृष्णाला पृथ्वीवर ये म्हणून साद घालणारं गाणं आहे ना, ते भेंड्यांचं. सांदीपनींच्या आश्रमाच्या या गावात कृष्णाचं गाणं लागलं की गायक कोण हे कुणी विचारत नाही. पण त्यांची ओळख तेवढ्यावरच थांबावी, हे मला मान्य नाही.

नंदू हे आत्माराम आणि आशा भेंडे यांचे चिरंजीव, म्हणजे नाटक घरातच. सत्तरच्या दशकात ते 'वेल्वेट फॉग' आणि 'सॅव्हेजेस' या मुंबईच्या बँडमध्ये गायले. सिगारेटच्या जाहिरातीसाठी भरवलेल्या 'सिमला बीट' स्पर्धांचा तो काळ. पोरं गुणी होती, पण बहुतेक बँड विलायती गाणी हुबेहूब वाजवण्यातच धन्यता मानत.

1974 मध्ये अॅलेक पदमसींनी 'जीझस क्राइस्ट सुपरस्टार' रंगमंचावर आणलं. मधुकर चंद्र धस जीझस झाले, नंदू भेंडे ज्यूडास. या रॉक ऑपेरात पहिलं गाणं ज्यूडासच्या वाट्याला येतं. गिटारची एकच तान पुन्हा पुन्हा फिरत राहते. तिच्यावर गायकाने दबक्या सुरात सुरुवात करायची आणि चढत चढत थेट किंकाळीपर्यंत जायचं. गुरूवर जीव आहे, पण त्याच्या भोवती जमलेल्या गर्दीवर विश्वास नाही, अशा माणसाची ती तगमग. नुसत्या गोड गळ्याला ती झेपत नाही.

तिकडे डेव्हिड बोवी 1972 मध्ये रंगलेल्या चेहऱ्याने 'झिगी' होऊन उभा राहिला होता. त्याच सुमारास 'न्यूयॉर्क डॉल्स'ची पोरं लिपस्टिक लावून, उंच टाचांचे बूट घालून कर्कश गिटारी वाजवू लागली. 1977 मध्ये 'सेक्स पिस्टल्स'ची तबकडी आली. नटवा वेश, खरखरीत आवाज आणि रस्त्यावरचा राग, असं हे सगळं रसायन. आपल्याकडे असा बँड झाला नाही. पण 1978 मध्ये 'तीन पैशाचा तमाशा' आला.

ब्रेख्त आणि कुर्ट वाइल यांच्या 1928 च्या संगीतिकेचं पु. ल. देशपांड्यांनी केलेलं हे रूपांतर जब्बार पटेलांनी थिएटर अकादमीसाठी बसवलं. गुंड, भिकारी आणि वेश्या यांच्या या गोष्टीत मूळच्या मॅकहीथ या नायकाच्या जागी नंदू भेंडे होते. त्यात तमाशाचा ढंग होता, नाट्यसंगीत होतं आणि या सगळ्यांत मराठी शब्द रॉकच्या ठेक्यावर म्हणणारा एक तरुण होता. पुढे बोवीनेही ब्रेख्तची गाणी ध्वनिमुद्रित केली. मराठी रंगभूमी त्याच्याआधी तिथे पोचली होती.

माळव्यात वाढलेल्या माणसाला यात परकं काही वाटू नये. आमच्याकडचं, गुरू बालमुकुंदांच्या परंपरेतलं माच हे लोकनाट्यही असंच: उंच बांधलेला मंच, ढोलकची थाप, बायकांचे वेश घेतलेले पुरुष आणि रात्रभर खड्या आवाजात गाणं. नंदू भेंड्यांना घडवलं मुंबईने, पण त्यांच्या गाण्याचं नातं या मोकळ्या गळ्याशी लागतं.

'अॅटॉमिक फॉरेस्ट' या त्यांच्या समकालीन बँडची 'ऑब्सेशन 77' ही तबकडी एका अमेरिकी कंपनीने पुन्हा काढली आणि त्या बँडला उशिरा का होईना, जगभर मान मिळाला. भेंड्यांच्या वाट्याला तसं काही आलं नाही. 2014 च्या एप्रिलमध्ये ते गेले. वडील आत्माराम भेंडे त्यांच्यामागे वर्षभरही राहिले नाहीत. रॉकबद्दल लिहिणारे त्यांचं मराठी काम नाटकवाल्यांवर सोडतात आणि नाटकाबद्दल लिहिणारे त्यांच्या गाण्यावर ओळ-दोन ओळी लिहून थांबतात. मराठी रॉकचा इतिहास कधी नीट लिहिला गेला, तर 1978 चा तो मॅकहीथ पहिल्या प्रकरणात हवा.